नाक : शिक्षा, शस्त्र आणि निवड



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय घ्यावयाचा म्हटले की राजे, लढाया आणि तहनामे यांच्याकडे वक्त्याचे लक्ष सहजच वळते. आज मी आपणांपुढे मांडणार आहे तो इतिहास मात्र माणसाच्या चेहऱ्याच्या मध्यभागी असलेल्या एका लहानशा अवयवाचा आहे. नाकाचा आकार बदलण्यासाठी शल्यवैद्याकडे जाणारे तरुण-तरुणी आज आपल्या शहरांतून दिसू लागले आहेत. कोणाला नाक बसके वाटते, कोणाला त्यावरचा उंचवटा खुपतो, तर कोठे लग्न जमवण्याच्या आधी आईवडीलच हा विचार काढतात. घरात त्यावर बोलणे होते ते एक तर थट्टेचे किंवा घाईचे. या शस्त्रक्रियेला निदान दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, त्यातील एक मोठे पान पुण्याजवळ लिहिले गेले आहे, आणि तो इतिहास आजच्या निवडीला उपयोगी पडणारा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. आपण मानी माणसाला नाकवाला म्हणतो. सरळ वागणारा नाकासमोर चालतो, गर्विष्ठ नाक वर करून चालतो, नापसंती दाखवायची तर आपण नाक मुरडतो, शरण आलेला नाक घासतो, आणि घराण्याला कमीपणा आणणाऱ्याने नाक कापले असे म्हणतो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने ही म्हण तर नाक आणि लग्नाचा बाजार यांचा संबंध फार निष्ठुरपणे सांगून जाते. डोळा, कान किंवा हनुवटी यांना अब्रूशी इतके जखडून ठेवलेले दिसत नाही. शूर्पणखेचे नाक लक्ष्मणाने ज्या ठिकाणी कापले तेच नाशिक, अशी लोकसमजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

ही केवळ बोलण्याची रीत नव्हती. शत्रूचे, चोराचे किंवा व्यभिचाराचा आरोप आलेल्या व्यक्तीचे नाक कापणे ही अनेक देशांत प्रत्यक्ष शिक्षा होती. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट दुसरा जस्टिनियन यास ६९५ मध्ये पदच्युत करून त्याचे नाक कापण्यात आले. विद्रूप मनुष्य राज्यपदास अपात्र ठरतो, ही त्यामागची कल्पना. ७०५ मध्ये तो पुन्हा गादीवर आला, परंतु नाककाप्या हे विशेषण इतिहासाने त्याच्या नावापुढून काढले नाही. या शिक्षेतील क्रौर्य नीट समजून घेतले पाहिजे. नाक गेल्याने माणूस मरत नाही. तो जगतो, आणि त्याला पाहणारा प्रत्येक जण त्याचा अपराध, खरा असो वा खोटा, त्याच्या तोंडावर वाचतो. म्हणजे शिक्षा एकदा शस्त्राने होते आणि पुढे आयुष्यभर इतरांच्या नजरेने होत राहते. नाकाच्या शस्त्रक्रियेचा जन्म या नजरेला दिलेल्या उत्तरातून झाला आहे.

सुश्रुताचे पान

या शस्त्रक्रियेचे जगातील एक अत्यंत प्राचीन आणि तपशीलवार वर्णन सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात आढळते. या ग्रंथाचा काळ विद्वानांनी निरनिराळा मानला आहे, आणि त्यात एकाहून अधिक काळांचे थर आहेत हेही मान्य झाले आहे. अध्यायाचा मुख्य विषय कान टोचणे आणि फाटलेली कानाची पाळी जोडणे हा असून तिचे पंधरा प्रकार त्यात सांगितले आहेत. त्यानंतर नाकाचे वर्णन येते. तुटलेल्या नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा सोडवावी, परंतु ती एका बाजूने जोडलेली ठेवावी. नाकाची उरलेली कड खरवडून त्यावर ती त्वचा चटकन बसवावी. श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात. पतंग, ज्येष्ठमध आणि रसांजन यांचे चूर्ण त्यावर टाकून पांढऱ्या कापसाने झाकावे आणि वरचेवर तिळाचे तेल शिंपावे, असा त्याचा आशय आहे. जखम भरल्यावर नाक लहान वाटले तर वाढवण्याचा आणि मांस अधिक झाले तर ते सारखे करण्याचा प्रयत्न करावा, असेही सांगितले आहे.

यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. पानाचे माप घेतल्यावाचून त्वचा कापली तर ती कमी पडते, आणि कमी पडलेली त्वचा पुन्हा मिळत नाही. त्वचा एका बाजूने जोडलेली ठेवली नाही तर तिला रक्त मिळत नाही आणि ती मरते. नळ्या घातल्या नाहीत तर जखम भरताना नाकपुड्या मिटतात. रक्ताभिसरणाचा आधुनिक सिद्धान्त हाती नसताना हे नियम अनुभवातून गाठले गेले होते.

त्याच ग्रंथात शिष्याने प्रथम भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर छेद घेण्याचा सराव करावा आणि शिवण्याचा सराव कापडावर व मऊ चामड्यावर करावा, असे एका स्वतंत्र अध्यायात सांगितले आहे. शस्त्रकर्मापूर्वी यंत्रे, शस्त्रे, कापूस, तूप, तेल, पाणी आणि धीराचे मदतनीस तयार ठेवावेत, हेही आहे. मुतखड्याच्या अवघड शस्त्रक्रियेविषयी तर, ती न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश अनिश्चित, म्हणून अधिकारी पुरुषाची अनुज्ञा घेऊन मगच ती करावी, असा दंडक घातलेला आहे. शस्त्र चालवण्याचा क्षण हा एका दीर्घ तयारीचा मधला भाग आहे, ही जाण या ग्रंथात सर्वत्र दिसते.

येथे अभिमानाच्या भरात एक गल्लत होते. सुश्रुताने गालाची त्वचा सांगितली. पुढे अठराव्या शतकात पुण्याजवळ जी शस्त्रक्रिया झाली ती कपाळाच्या त्वचेची होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही नाक जोडण्याचे वर्णन आहे. परंतु पोथीतील ही विद्या कारागिराच्या हातापर्यंत नेमकी कोणत्या वाटेने पोहोचली, याची सलग लेखी साखळी आपल्यापाशी नाही. म्हणून सारे काही सुश्रुतापासून जसेच्या तसे चालत आले असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. पोथी आणि हात हे दोन स्वतंत्र वारसे होते, आणि त्यांपैकी हाताच्या वारशाचा इतिहास फार थोडा लिहिला गेला, एवढे मात्र निश्चित.

पुण्याजवळचा कुंभार

या हाताच्या वारशाची लखलखीत नोंद एका इंग्रजी मासिकात आहे. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात बी. एल. अशा आद्याक्षरांनी सही केलेले एक पत्र चित्रासह छापले गेले. चित्रातील मनुष्याचे नाव कावसजी. नाव ऐकून तो पारशी वाटावा, परंतु पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. तशा स्थितीत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परत आला आणि पुढे त्याला कंपनी सरकारचे निवृत्तिवेतन मिळाले. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. नंतर पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

पत्रातील वर्णनानुसार मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटावर बसवून त्याला नाकाचा आकार दिला; तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाची त्वचा सोडवून दोन्ही डोळ्यांच्या मधला एक अरुंद पट्टा तेवढा जोडलेला ठेवला. ती त्वचा फिरवून खाली आणली आणि थोटावर केलेल्या खाचेत बसवली. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवल्या. चौथ्या दिवशी त्या काढून तुपात भिजवलेली कापडे लावली. सुमारे दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वाती घातल्या, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधला पट्टा कापून टाकला. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईकडील दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. कावसजीचे चित्र जेम्स वेल्स याने काढले. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे प्रसिद्ध चित्र काढणारा चित्रकार तो हाच.

कपाळाचीच त्वचा का, याचे उत्तर आज देता येते. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक रक्तवाहिनी कपाळावर चढते. तो अरुंद पट्टा राखला की तिच्यातून त्वचेला रक्त मिळत राहते, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत त्वचा नव्या जागेतून स्वतःचा रक्तपुरवठा उभा करते; मग पट्टा कापला तरी चालतो. कपाळाच्या त्वचेचा रंग आणि पोतही नाकाशी जुळतो. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत या पद्धतीला आजही भारतीय पद्धत म्हणतात, आणि कर्करोगामुळे नाक गमावलेल्या रुग्णांसाठी तिचे सुधारलेले रूप आजही वापरात आहे. तिच्यात उणीव नव्हती असे नाही. आतल्या बाजूला अस्तर आणि मधोमध कूर्चेचा आधार नसल्याने असे नाक कालांतराने आक्रसत असे. ही उणीव पुढील शतकांनी भरून काढली.

रुग्णाचे नाव, चित्रकाराचे नाव आणि पाहणाऱ्या वैद्यांची नावे इतिहासात राहिली. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र पत्रात नाही. तेथे फक्त जात आहे. पुण्याच्या दरबारात तेव्हा कागदपत्रांचा सुकाळ होता, तरीही ज्या कारागिराच्या कामाने युरोपच्या शल्यविद्येला वळण दिले त्याला आज आपण नावाने हाक मारू शकत नाही.

असे कारागीर इतरत्रही होते. हिमाचलातील कांगड्याची घराणी नाक करण्यासाठी प्रसिद्ध होती. आपल्या बडोद्याला जवळच्या काठियावाडात, जुनागड संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी नाकाच्या शंभर शस्त्रक्रियांचा वृत्तान्त १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. एका संस्थानात एका वैद्याकडे इतके रुग्ण यावेत, यावरून बहारवटियांच्या त्या काळात नाक कापण्याची क्रूर चाल किती पसरली होती याची कल्पना येते.

लंडन, बर्लिन आणि एक शाळकरी मुलगा

युरोपात ही विद्या मुळीच नव्हती असे नाही. पंधराव्या शतकात सिसिलीतील ब्रांका घराणे नाके करीत असे. बोलोन्याचा गास्पारे तालियाकोत्सी याने १५९७ मध्ये दंडाच्या त्वचेपासून नाक करण्याचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात रुग्णाला आपला हात चेहऱ्याशी बांधून दोन-तीन आठवडे राहावे लागे. त्याच्यानंतर ही पद्धत मागे पडली. म्हणून १७९४ चे पत्र युरोपात नव्या प्रकाशासारखे पडले.

लंडनचा शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू याने ही पद्धत मनावर घेतली. त्याने योग्य रुग्णाची वाट पाहत पुष्कळ वर्षे शवांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका सैनिकी अधिकाऱ्यावर पहिली शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. ती १८४६ मध्ये आली. शस्त्रक्रियेस सुमारे पंधरा मिनिटे लागली. त्याचा दुसरा रुग्ण आल्बुएराच्या लढाईत तोंडावर जखमी झालेला अधिकारी होता. १८१६ मध्ये कार्प्यूने दोन्ही शस्त्रक्रियांचा वृत्तान्त छापला आणि त्यात भारतीय पद्धतीचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे याने या विषयावर ग्रंथ लिहिला.

येथवर प्रत्येक रुग्ण काहीतरी गमावलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. भूल आली, १८६७ पासून लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीने जखम सडण्याचे भय कमी झाले, आणि ज्यांचे काहीच गेलेले नाही अशी माणसेही शस्त्राखाली येऊ लागली. १८८७ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टरच्या जॉन रो याने बाहेर व्रण न ठेवता नाकाच्या आतून आकार बदलण्याची पद्धत मांडली.

बर्लिनमधील याक जोसेफ या तरुण शल्यवैद्याची हकीकत शाळेच्या व्यासपीठावरून विशेष सांगण्याजोगी आहे. १८९६ मध्ये त्याच्याकडे एका मुलाला आणण्यात आले. मुलाचे कान मोठे आणि बाहेर आलेले होते. बरोबरीची मुले त्याला इतकी चिडवीत की तो शाळेत जाण्यास तयार नव्हता. जोसेफने कान लहान करून मागे बसवले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, परंतु केवळ दिसण्यासाठी शस्त्र धरणे हे वैद्याचे काम नव्हे, अशा विचाराने जोसेफला रुग्णालयातील जागा गमवावी लागली. १८९८ मध्ये त्याने मोठ्या नाकामुळे लोकांत जाणे टाळणाऱ्या एका गृहस्थाचे नाक लहान केले आणि वैद्यांच्या सभेपुढे सांगितले की अशा माणसाचे दुःख खरे असते आणि ते दूर करणे हेही उपचारच होय.

जोसेफचे म्हणणे खरे होते. तरी त्या मुलाच्या हकीकतीत एक प्रश्न शिल्लक राहतो. चिडवणारी मुले वर्गात होती. शस्त्रक्रिया मात्र ज्याला चिडवले त्याच्यावर झाली. दुःखाचा काही भाग कानांत होता आणि काही भाग वर्गात होता. वैद्याच्या हाती कान होते. वर्ग कोणाच्या हाती होता?

जोसेफ स्वतः ज्यू होता, आणि त्याच्याकडे येणाऱ्यांत आपण ज्यू म्हणून ओळखू येऊ नये अशी इच्छा असणारेही होते. नाक बदलल्याने रस्त्यावरची नजर काही प्रमाणात चुकवता आली असेल. १९३३ मध्ये जर्मनीत नाझींची सत्ता आली, १९३४ मध्ये जोसेफ मरण पावला, आणि १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कोण हे माणसाचे आजी-आजोबा पाहून ठरवले. नाक बदललेल्यांना आजोबा बदलता आले नाहीत. समाजाच्या मनातील द्वेषावर चेहऱ्याची शस्त्रक्रिया हा उपाय नव्हे, हे याहून भीषण रीतीने सांगता येणार नाही.

सिडकपपासून कोंढव्यापर्यंत

पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी हजारो तरुणांचे चेहरे फाटले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरॉल्ड गिलिस याच्या पुढाकाराने १९१७ मध्ये लंडनजवळ सिडकप येथे केवळ चेहऱ्याच्या जखमांसाठी रुग्णालय उघडले आणि तेथे ५,००० हून अधिक सैनिकांवर उपचार झाले. तेथील खोल्यांत आरसे ठेवू देत नसत. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काही बाके निळ्या रंगाने रंगवली होती, म्हणजे त्यांवर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून दचकू नये, अशी गावकऱ्यांना आधीच सूचना मिळे. गिलिसने गमावलेले परत आणणारी शस्त्रक्रिया आणि सामान्याहून सरस करू पाहणारी शस्त्रक्रिया असा भेद केला. दोन्ही तो करीत असे आणि दोन्हींना सारखेच कसब लागते हे त्याला ठाऊक होते.

याच गिलिसकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरोग रुग्णालयात काम केले. कावसजीनंतर सुमारे एकशे साठ वर्षांनी ही विद्या पुन्हा पुण्याच्या परिसरात आली. कुष्ठरोगात नाकाचा आतला आधार आणि अस्तर नष्ट होऊन नाक खचते. गोळ्यांनी रोग बरा होतो, परंतु खचलेले नाक आणि गेलेल्या भुवया तशाच राहतात, आणि बऱ्या झालेल्या माणसाला घरचे दार उघडत नाही. अशा माणसाच्या नाकाला आतून त्वचेचे अस्तर देऊन ते उभे करणे ही शोभेची शस्त्रक्रिया की गरजेची? वैद्यकीय दृष्ट्या तो आधीच निरोगी होता. समाजाच्या दृष्टीने तो नाक मिळाल्यावर निरोगी झाला. पुढे डॉ. अंतियांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या विषयाचा विभाग नावारूपास आणला. २००७ मध्ये ते निवर्तले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग उभारला.

आजची निवड

कावसजीपुढे निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. आज जो धडधाकट तरुण नाक बदलू इच्छितो त्याच्यापुढे तो आहे. ही शस्त्रक्रिया करणे पाप नाही आणि न करणे मागासलेपण नाही. परंतु निवड जितकी मोकळी, तितकी तयारीची जबाबदारी अधिक. या इतिहासातून तयारीच्या चार गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट मापाची. सुश्रुताचे पान आणि कुंभाराचे मेण यांची जागा आज छायाचित्रांनी घेतली आहे. चांगला शल्यवैद्य समोरून, बाजूने आणि खालून छायाचित्रे घेतो, नाकाच्या आतून श्वासाचा मार्ग तपासतो आणि काय होऊ शकेल व काय होऊ शकणार नाही ते सांगतो. संगणकावर दाखवलेले नवे नाक हा अंदाज आहे, वचन नव्हे. जाड त्वचेखाली बारीक कोरीव काम दिसत नाही, आणि नाक फार लहान केले तर श्वासाला अडथळा येऊ शकतो.

दुसरी गोष्ट हाताची. भोपळ्यावरचा सराव आणि कार्प्यूची वर्षे आठवावीत. वैद्याची पदवी कोणती, या विशिष्ट शस्त्रक्रियेचा अनुभव किती, भूल कोण देणार, गुंतागुंत झाल्यास सोय काय, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागल्यास खर्च कोणाचा, हे प्रश्न विचारणे उद्धटपणा नव्हे. जाहिरातीतील आधीची आणि नंतरची चित्रे ही निवडून लावलेली असतात, हे लक्षात ठेवावे. एका वैद्याच्या मतावर थांबू नये. आणि जो वैद्य प्रसंगी नकार देतो, त्याचा विश्वास अधिक धरावा.

तिसरी गोष्ट काळाची. कावसजीचा पट्टा पंचविसाव्या दिवसापर्यंत कापला नाही. आजही नाकाची घाई चालत नाही. चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलींत साधारण पंधरा-सोळा आणि मुलांत सतरा-अठरा वर्षांपर्यंत, केवळ आकारासाठी शस्त्रक्रिया करू नये असे सामान्यतः मानतात. धूम्रपान काही आठवडे आधीपासून बंद करावे लागते, कारण ते त्वचेचा रक्तपुरवठा कमी करते. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, आणि घरगुती काढे व चूर्णेसुद्धा, वैद्याला सांगावीत आणि त्याच्या सल्ल्यानेच थांबवावीत. आधाराची पट्टी आठवडाभराने निघते, डोळ्यांभोवतीचे काळेनिळेपण एक-दोन आठवड्यांत ओसरते, परंतु सूज पूर्ण उतरून नाकाला अंतिम आकार येण्यास सुमारे वर्ष लागते. लग्नाच्या तिथीपूर्वी महिनाभर उरला असताना हा विचार काढणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

चौथी गोष्ट कारणाची, आणि ती सर्वांत अवघड. माझ्या दुःखाचा कोणता भाग नाकात आहे आणि कोणता भाग पाहणाऱ्यांच्या नजरेत आहे, हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. ज्याला अनेक वर्षे एकच निश्चित गोष्ट खुपते, जो ती स्वतःसाठी बदलू इच्छितो आणि बदलानंतरही आयुष्यातील बाकीचे प्रश्न तसेच राहतील हे ज्याला समजते, तो समाधान पावण्याचा संभव अधिक असतो. याउलट, दुसऱ्याच्या आग्रहाने आलेल्या किंवा नाक बदलले की नोकरी, लग्न आणि प्रेम आपोआप मिळेल असे मानणाऱ्या माणसाला आरसा पुन्हा निराश करतो. काहींना तर इतरांना न दिसणारे व्यंग सतत दिसत राहते. इटालियन वैद्य मोर्सेल्ली याने एकोणिसाव्या शतकात या विकाराला नाव दिले. हा मनाचा आजार आहे. त्यावर शस्त्र चालवले तर तो सहसा बरा होत नाही, मात्र मानसोपचाराने त्यात आराम पडू शकतो.

विद्यार्थी मित्रहो, शिक्षक बंधुभगिनींनो, नाकाचा हा इतिहास मुळात नजरेचा इतिहास आहे. नाक कापणाऱ्यांनी नजरेच्या बळावर शिक्षा केली, आणि पुण्याजवळच्या त्या अनाम कारागिराने त्या शिक्षेचा अंमल मेणाच्या एका पत्र्याने संपवला. शस्त्राचे काम शस्त्राने करावे, आणि जो ते विचारपूर्वक निवडतो त्याला कोणी हसू नये. नजरेचे काम मात्र कोणत्याही रुग्णालयात होत नाही. ते घरात, मुलगी पाहायला गेलेल्या पाहुण्यांच्या बैठकीत आणि वर्गात होते. बर्लिनच्या त्या मुलाचे कान वैद्याने बसवले. त्याच्या वर्गाला कोणी काही शिकवल्याची नोंद मला कोठे आढळली नाही. कोणाच्या नाकावरून, कानावरून किंवा रंगावरून टोपणनाव पडले असेल, तर ते ज्या दिवशी वर्गातून नाहीसे होईल, त्या दिवशी शाळेने तिच्या हातात असलेला अर्धा उपचार पूर्ण केला असे होईल.